दुखवट्याची टोपी

आमच्या घराण्यात पुरुषांच्या डोक्यावर केस टिकत नाहीत, आणि त्याची खंत आजवर कोणी केली नव्हती. माझे यजमान गोमाजी भोईर पंचविशीत टकले झाले आणि चाळिशीत गावकीचे पंच. मिठागराच्या बांधावर ते निवाड्याला बसले की उन्हात त्यांचे डोके तांब्याच्या हंड्यासारखे लखलखे आणि समोरच्याचा आवाज आपोआप खाली येई. मुलगा गोविंदाही तसाच. तो अकाली गेला. पण आरशासमोर उभा राहून तो कधी हळहळल्याचे मला आठवत नाही.

त्याचा मुलगा यज्ञेश वेगळ्या काळात वाढला. मिठागर गेले, शेते गेली. कोलशेतला आमच्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीत आम्ही वरच्या मजल्यावर राहू लागलो. या मुलाने नाक माझे घेतले, पण केस आजोबांचे. तिशी ओलांडली तसे कपाळ मागे सरकू लागले. बाहेर पडताना तो डोक्याच्या पुढच्या भागावर एक काळी भुकटी शिंपडत असे, कोशिंबिरीवर मीठ भुरभुरावे तशी. उशीच्या अभ्र्यांवर तिचे डाग पडत. ते धुणारी त्याची आई, माझी सून शालू, तोंडातून अवाक्षर काढत नसे. शालूचा हा गुण मला पूर्वी आवडत असे.

विठ्ठलवाडीच्या नयन म्हात्र्यांची मुलगी प्राप्ती त्याला सांगून आली. मुलगी डोंबिवलीला बँकेत. भुकटी लावूनच तो तिला बघायला गेला. गुडघ्यांमुळे मी गेले नाही. परत आला तो हरखून. त्याच आठवड्यात त्याने मला सांगितले, "आजी, मी केस रोवून घेणार आहे."

"रोवायला ती काय मिरची आहे?"

"हस तू. मागचे काढून पुढे लावतात. साखरपुड्याच्या आधी करून टाकतो."

"मागचे काढून पुढे लावल्याने माणूस पुढे जात नाही. मुलीला सरळ सांग, माझे केस जात आहेत, राहिलेलेही जातील."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर ती आपली नव्हती."

"तुझं बरंय. अजून तुझा अंबाडा एका हातात मावत नाही."

मी विषय संपवला. माझ्या घरात मी विषय संपवला की तो संपतो, अशी माझी समजूत होती.

त्या लग्नाची मला घाई होती, आणि तिचे कारण सांगायला हवे. मी धवलारीण आहे. आमच्या आगरी समाजात लग्न धवलारीण लावते, गाऊन. हळदीपासून वरात निघेपर्यंतचा प्रत्येक विधी तिच्या गाण्यावर चालतो. प्रथम देवांना मांडवात बोलावायचे, मग घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचे नाव घेऊन बोलावायचे, की या, तुमच्या घरचे कार्य आहे. हे मला आईकडून आले. दिवसा जिल्हा परिषदेच्या शाळेत मी मुलांना खरे बोलायला शिकवले आणि लग्नसराईत खाडीच्या दोन्ही काठांवरची लग्ने लावली. आता आवाज बसला आहे. बोलावणी आली की नकार देते. एकच लग्न मी राखून ठेवले होते. त्यात गोमाजींचे नाव घ्यायचे होते, गोविंदाचे घ्यायचे होते. यज्ञेशला हे लहानपणापासून ठाऊक होते. पाचवीत असताना तो विचारायचा, "आजी, माझ्या लग्नापर्यंत राहशील ना?" मी म्हणायची, "तू बोलावलेस तर राहीन."

तर तो ठाण्यातल्या कुठल्याशा दवाखान्यात गेला आणि संध्याकाळी परतला तो तुळतुळीत डोक्याने. कपाळापासून टाळूपर्यंत तीळ पेरावेत तसे लाल ठिपके, रांगाच रांगा. मागच्या बाजूलाही तसेच. "मागचं बियाणं," तो म्हणाला, आणि हसला.

दुसऱ्याच दिवशी ठमाबाई धापा टाकत वर आली. ठमाबाई कोळीण, माझी बालपणाची मैत्रीण. हातात मासळीची पाटी तशीच. दार मीच उघडले. ती भिंतीला टेकली.

"अगो बाय, मनू! तू हायस?"

"मग कुठे असणार?"

"माना वाटला तूच गेलीस! खाली गाडीतना उतरताना पोराचा डोका बघला नि तशीच वर धावले. बोल्ले, मनू गेली नि माना कोनी सांगला पन नाय!"

तिची चूक नव्हती. आमच्यात धडधाकट मुलगा मुंडन करतो ते एकाच कारणासाठी. बाप हयात नसलेल्या घरात नातवाने केस उतरवले, म्हणजे म्हातारी गेली. मी तिला बसवले, चहा दिला. यज्ञेश नुकताच दवाखान्यात डोके दाखवून परतला होता आणि टेबलाशी पोहे खात होता. त्याला इतके हसू आले की ठसका लागला. "आजी, फुकटात मेलीस की गं!" मीही हसले. त्या हसण्यात त्याला काय सापडले ते मला तेव्हा कळले नाही.

पुढचे दिवस या घराने डोक्याभोवती काढले. त्याने मान पुढे वाकवायची नाही. निजायचे ते तक्क्याला टेकून अर्धवट बसून, गळ्यात प्रवासातली ती गोल उशी अडकवून. थोड्या थोड्या वेळाने मिठाच्या पाण्याचा फवारा. मिठागर विकलेल्या घराण्याचा नातू डोक्यावर मीठ शिंपडत होता. ऊन नको, घाम नको. कचेरीचे काम त्याने घरूनच मागून घेतले. हातात सतत आरसा नाहीतर फोन. फोनमध्ये परक्या पुरुषांची डोकी, आधीची आणि नंतरची. "हा बघ, याला पाचव्या महिन्यात आले. हा बघ, याला आलेच नाहीत." दवाखान्यातल्या मुलीला तो रोज आपल्या डोक्याचे छायाचित्र पाठवी. तिकडून अंगठ्याचे चित्र येई.

"अंगठा म्हणजे काय?" मी विचारले.

"म्हणजे ठीक आहे."

"आमच्या वेळी अंगठा निरक्षर माणूस देत असे."

महिना होत आला तेव्हा एका सकाळी तो अभ्रा हातात घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. अभ्र्यावर बारीक केस सांडलेले.

"गेले, आजी. सगळे गेले. ती म्हणते, गळतातच, नॉर्मल आहे, चौथ्या महिन्यानंतर उगवतील, पूर्ण दिसायला वर्ष लागेल. खोटं बोलत असेल का ती?"

त्याचा चेहरा पाहून माझा राग ओसरला. मी त्याला शेजारी बसवले. "तू आवणी पाहिलेली नाहीस. भाताचे रोप एका जागेवरून उपटून दुसरीकडे लावले की ते आधी मान टाकते, पिवळे पडते. नवख्याला वाटते, मेले. तुझे पणजोबा तेव्हा बांधावर फिरकतसुद्धा नसत. मुळे आत काम करत असतात. माणसाने फक्त पाणी ठेवायचे आणि रोज उठून बघायला जायचे नाही."

"नक्की?"

"शेताने मला कधी फसवले नाही."

डोके टेकवायला मनाई होती म्हणून त्याने माझ्या मांडीवर हात ठेवला. बराच वेळ. त्या सकाळी मला वाटले, केस येवोत न येवोत, नातू घरी आला.

त्याच सुमारास नयन म्हात्र्यांचे फोन येऊ लागले होते. साखरपुड्याची तारीख त्यांना हवी होती. मी शालूला विचारी, काय ठरले? "बोलणं चाललंय, आई," असे ती भाजी निवडता निवडता म्हणे, आणि वर पाहत नसे.

एका रविवारी सकाळी दाराची घंटा वाजली. शालू स्वयंपाकघरात, यज्ञेश आपल्या खोलीत. मी दार उघडले. समोर पन्नाशीचा, पांढरा सदरा घातलेला एक गृहस्थ, त्याच्यामागे एक बाई आणि एक सावळी, तरतरीत मुलगी. गृहस्थाच्या हातात कापडी पिशवी. तिघांचे चेहरे पडलेले.

"मावशी, आम्ही विठ्ठलवाडीवरून आलेलो. नयन म्हात्रे. ही माझी बहीण निशा, ही प्राप्ती." त्यांनी हात जोडले. "फार वाईट झालं."

मला वाटले, त्यांच्याकडे काही घडले. मी त्यांना आत घेतले, बसवले. "कोण गेले?" मी विचारले.

भावाबहिणीने एकमेकांकडे पाहिले. निशाबाई भावाला हळूच म्हणाल्या, "वय झालंय रे त्यांचं." मग माझ्या कानाशी वाकून मोठ्याने, "मनुबाई गेल्या ना, मावशी! यज्ञेशरावांची आजी! तुम्ही त्यांच्या कोण?"

मी बहिरी नाही. तरीही ते वाक्य माझ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागला. पोहोचले तेव्हा पहिल्याने ठमाबाईचा चेहरा आठवला, भिंतीला टेकलेला. मग पोह्यांचा ठसका.

"मी जवळची," मी म्हणाले. "इतकी जवळची तिला दुसरी कोणी नाही."

"बहीण असतील," निशाबाई भावाला म्हणाल्या.

आयुष्यभर मी खोटे बोलले नव्हते आणि त्या दिवशीही बोलले नाही. मी फक्त विचारत गेले. विचारण्याचा अधिकार मृतालाही असावा.

"कशाने गेली म्हणाला यज्ञेश?"

"झोपेतच म्हणे," निशाबाई म्हणाल्या. "कोणाला त्रास नाय दिला. पुण्यवान माणूस."

"आणि दहावे कुठे केले?"

नयनराव अवघडले. "तेच ना, मावशी. आम्हाला कळवलं पण नाय. तारखेसाठी फोन केला तेव्हा यज्ञेशराव बोलले, आजीचीच इच्छा होती, गाजावाजा नको. घरातल्या घरात उरकलं."

"मी लहान असताना माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात त्यांनीच धवले गायलेले," निशाबाई म्हणाल्या. "काय तो आवाज! अशा बाईला चार माणसं पण नसावीत खांदा द्यायला?"

माझ्या मरणाबद्दल मला काही विशेष वाटले नाही. या वयात ते उंबऱ्यावरच बसलेले असते. पण खाडीच्या दोन्ही काठांना मी गाऊन संसाराला लावले, आणि मला माझ्याच नातवाने गुपचूप उरकले होते.

तेवढ्यात शालू हात पुसत बाहेर आली. पाहुण्यांना पाहिले, मला पाहिले, आणि जागीच थिजली. तिच्या त्या थिजण्यातून मला कळले की तिला ठाऊक होते.

"शालू, पाणी आण," मी म्हणाले. "आणि यज्ञेशला बोलाव. पाहुणे आले आहेत."

यज्ञेश डोक्यावरून मऊ पंचा सैल पांघरून आला. मी खुर्चीत, समोर म्हात्रे मंडळी. मी त्याला बसायची खूण केली. तो बसला.

नयनरावांनी पिशवीतून टॉवेल आणि पांढरी टोपी काढली. दुखवट्याला आलेल्यांनी मुंडन केलेल्या माणसाच्या डोक्यावर टोपी ठेवायची, ही रीत. ती सासरची माणसे ठेवतात, तेव्हा तिला अधिक मान. "अजून नातं जुळलं नाय, पण आम्ही जुळलंच समजतो," असे म्हणत ते उठले आणि टोपी घेऊन पुढे वाकले.

"नको! डोक्याला हात लावू नका!"

यज्ञेश इतक्या जोराने मागे सरकला की पंचा खांद्यावर घसरला. अर्धे गळलेले, अर्धे राहिलेले खुंट, त्यांच्याखाली लाल ठिपक्यांच्या रांगा.

"अगं बाई!" निशाबाई ओरडल्या. "हे काय? कांजिण्या?"

"वस्तरा लागला," तो म्हणाला. "इन्फेक्शन झालंय."

प्राप्ती त्या रांगांकडे पाहत राहिली. मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग माझ्या. माझ्या नाकावर तिची नजर थांबली.

नयनरावांनी टोपी टेबलावर ठेवली आणि घसा साफ केला. "आज येण्याचं अजून एक कारण आहे. घरातलं मोठं माणूस गेलं की आपल्यात लग्न एकतर लगोलग उरकतात, नायतर वर्ष थांबतात. माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे. नातीचं लग्न बघायचं, एवढंच तिचं चाललंय. तर साखरपुडा नि लग्न एकत्रच, याच महिन्यात करून टाकू."

यज्ञेशचा रंग उडाला. "याच महिन्यात? पण... वर्षभर काही करत नाहीत ना? सुतक असतं ना?"

बिचारा. रीत विचारायला घरात एकच माणूस होते, आणि ते त्याने आधीच मारून ठेवले होते. मला विचारले असते तर मीच सांगितले असते की आमच्यात मरण लग्नाला पुढे ढकलते तसेच अलीकडेही ओढते.

"लगोलग केलं तर चालतं," नयनराव म्हणाले. "मावशी, तुम्ही जुन्या. तुम्हीच सांगा, उरकायचं का थांबायचं?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी यज्ञेशकडे वळले. त्याला पहिलीत अक्षर गिरवायला दिले तेव्हा ज्या आवाजात बोलले होते, त्याच आवाजात बोलले.

"आधी एक गोष्ट नक्की करू. मोठे माणूस गेले असेल तर सुतकाचा विचार. गेले नसेल तर कशालाच अडचण नाही. मुलीला आहे ते डोके दाखवावे, आहे ती माणसे दाखवावीत, आणि तिच्या मनात असेल तर लग्न करावे. यज्ञेश, माझ्याकडे बघ. तुझी आजी गेली?"

यापेक्षा रुंद दार मला उघडता आले नसते. एक 'नाही' म्हणायचे होते. म्हात्रे चिडले असते, कदाचित उठून गेले असते. पण त्यांच्या घरात एका म्हातारीसाठी लग्न घाईने ठरत होते. त्या माणसांना आजी म्हणजे काय ते कळत होते. मी त्याच्यासाठी पदर पसरला असता. मी, जिने कोणापुढे पसरला नाही.

त्याने माझ्याकडे पाहिले. मग टेबलावरच्या टोपीकडे. मग प्राप्तीकडे. त्याचा हात आपोआप पंच्याकडे गेला आणि त्याने तो डोक्यावर नीट ओढून घेतला.

"हो," तो म्हणाला. "गेली."

धवल्यात जिवंत माणसाला आवतण लागत नाही. ते मांडवात असतेच. आवतण गेलेल्यांना. त्या एका शब्दाने त्याने मला गाणारीच्या पाटावरून उठवून नावे घ्यायच्या माणसांत नेऊन बसवले.

"मग वर्ष थांबावे," मी म्हणाले. "लगोलग उरकण्याची सवलत ज्यांच्या घरात गेलेल्या माणसासाठी खरोखर रडून झालेले असते त्यांच्यासाठी. या घरात अजून कोणी रडलेले नाही."

नयनरावांचा चेहरा उतरला. "वर्षभर आमची आई नाय काढायची, मावशी."

"मग मुलीसाठी दुसरे घर बघा. जिवंत माणसाची इच्छा आधी."

ते उठले. दुखवट्याचे कापड परत नेत नाहीत म्हणून टॉवेल-टोपी तिथेच राहिली. निशाबाईंनी मला नमस्कार केला, "जपा, मावशी." प्राप्ती मागे राहिली. तिने वाकून माझ्या पायांना हात लावला आणि फक्त मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "येते, आजी. तब्येत जपा."

दार लागले. यज्ञेशने दीर्घ श्वास सोडला, माझ्यासमोर गुडघे टेकून बसला आणि माझे दोन्ही हात धरले.

"थँक्यू, आजी. वाचवलंस. वर्ष मिळालं."

मला वाटले होते, तो क्षमा मागेल. नाहीतर, दुसरे घर बघा असे का म्हणालीस म्हणून भांडेल तरी. तो आभार मानत होता.

"तू मागितलेस ते दिले," मी हात सोडवून घेतले. "या घरात मागणाऱ्याला अर्धे देत नाहीत."

शालू रडू लागली. "आई, मी त्याला बोलले होते, असं नको करू..."

"त्याला बोललीस. मला नाही बोललीस."

मध्यस्थाकरवी निरोप आला तो आठवडा उलटायच्या आत. मुलीची इच्छा नाही. यज्ञेशने कारण विचारले. ते तिने दिले नाही. तो जेवला नाही, मग जेवला, मग पुन्हा फोनमधली डोकी बघू लागला. प्राप्तीचे लग्न कल्याणच्या मुलाशी झाले. ठमाबाईची भाची त्याच घरात दिलेली; ठमाबाई लग्नाला जाऊन आली आणि सांगत होती, "म्हातारीला खुर्चीवर बसवून मांडवात आनलेली. रडत व्हती नि हसत व्हती. नवऱ्याला टक्कल हाय पन, मनू. चकचकीत! पोरगी खुशीत व्हती."

यज्ञेशचे केस आले. शेताने मला फसवले नव्हते. आधी कोवळे, मग काळे, दाट. दिवाळीत त्याने भांग पाडला. आता तो भुकटी लावत नाही, आणि अभ्रे स्वच्छ असतात. परवा तो माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "आजी, बघ ना. कसे दिसतात?"

"चांगले दिसतात," मी म्हणाले. चांगले दिसत होते.

त्याला नवी स्थळे येत आहेत. एखादे जुळेलही. धवल्यांसाठी दुसरी बाई बघावी लागेल; मी गात नाही. शालूने एकदा विषय काढला, मी संपवला. तो संपला.

टोपी मी माझ्या पेटीत ठेवली आहे, धुऊन, इस्त्री करून, नेसून जायच्या लुगड्याच्या घडीवर. शालूला जागा दाखवली आहे. या घरात विधी करायला यज्ञेशशिवाय पुरुष नाही. तो दिवस येईल तेव्हा न्हावी खाली येऊन बसेल, आणि त्या दाट, काळ्या, वर्षभर वाट पाहून मिळवलेल्या केसांना वस्तरा लावायचा की नाही, हे त्याला ठरवावे लागेल. मी विचारायला नसेन. पण टोपीसाठी कोणाला बाजारात धावायला नको. आणि दाराशी येऊन कोणी विचारलेच, आजी गेली का, तर त्याचेही उत्तर त्याला पाठ आहे.